पुतळा वाचला, माणूस मेला

(परभणीतल्या तरुण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



'पिंजरा' मला पाठ आहे. 1972 चा सिनेमा. गंगाखेडकडं टुरिंग टॉकीजचा तंबू पडला की मातीत बसून बघायचो. आजही कुठं लागला तर उठवत नाही. शांतारामबापूंची नजर, राम कदमांचं संगीत, संध्याबाईंचे पाय; आणि डॉ. श्रीराम लागू! ताठ मानेचा गुरुजी शेवटी तुणतुणं धरून उभा राहतो, तेव्हा त्या माणसाचे खांदेसुद्धा बदललेले असतात. ही कारागिरी नाकारील तो आंधळा.

पण गुरुजी मला आवडत नाही. बिलकुल नाही.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. तमाशाला गावाबाहेर हाकलणारा गुरुजी चंद्रकलेपायी त्याच तमाशात जातो. त्याचे कपडे घातलेलं दुसऱ्याचंच प्रेत सापडतं. गाव गुरुजीला मेला समजतं, पुतळा उभारतं. पुढं गुरुजीच्या खुनाचा आळ खुद्द त्याच्यावरच येतो. पण 'अरे, मीच तो' असं तो म्हणत नाही. मुकाट फाशीची शिक्षा घेतो. का? तर पुतळ्याला डाग नको! थेटरात सगळे रडतात. मीपण रडलोय. बाहेर आल्यावर मात्र राग येतो.

मूळ कथा 1930 च्या 'द ब्लू एंजल' या जर्मन सिनेमातली. तिथला मास्तरही बाईपायी विदूषक होतो, पण तिथं पुतळा नाही. पुतळा आपल्याकडचा.

आणि गुरुजीचं पतन कशात दाखवलंय? तुणतुणं हातात घेण्यात. अरे, तुमचा अधःपात तो आमच्या महार-मांग-कोल्हाट्यांच्या पोटाचा धंदा होता! विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर उभा जन्म फडावर नाचल्या. त्यांचा पिंजरा कुणी विचारला?

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी तरी तमाशाचा पैसा कुठं घेतला? पठ्ठे बापूरावांची देणगी त्यांनी नाकारली, असं सांगतात. पण का नाकारली? आमच्या बायांना नाचवून मिळवलेला पैसा, म्हणून. बाबासाहेबांना बाईची काळजी, गुरुजीला पुतळ्याची. आणि बापूराव तरी कोण? श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. महाराच्या पवळासंगं उघड फडावर उभे राहिले. 1945 ला हलाखीत गेले, पण तोंड लपवलं नाही.

आपणही पुतळ्यांची माणसं. 10 डिसेंबर 2024 ला याच परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरची संविधानाची प्रतिकृती फोडली, तेव्हा लोक रस्त्यावर आले. यायलाच पाहिजे होतं. तो पुतळा काही झाकत नाही, तो आपल्याला जाब विचारतो. पण आपल्यातही गुरुजी आहेत, दोस्तहो. घरात बायकोला मारणारा पुढारी, चळवळीचा पैसा खाणारा पुढारी. बोलायला गेलं की म्हणतात, गप बस, प्रतिमा डागाळंल.

तेव्हा सिनेमा जरूर बघा. कारागिरी शिका, टाळ्या वाजवा. पण पुतळा वाचवायला खरं मारू नका.

जयभीम.