मवाळ तारेची गिटार कशी निवडावी

घरात नवे वाद्य आणावयाचे ठरले म्हणजे पुष्कळ कुटुंबांत प्रथम रंगाचा, मग किमतीचा आणि सर्वांत शेवटी नादाचा विचार होतो. पेटी, तबला किंवा सतार घ्यावयाची असली तर आप्तस्वकीयांत कोणी ना कोणी जाणता निघतो आणि फसगत टळते. गिटारीचे तसे नाही. ती घरात आणण्याचा हट्ट मुलांचा असतो, पैसा वडिलांचा असतो आणि पारख मात्र दोघांपैकी कोणासच नसते. त्यातून ती नायलॉनच्या तारांची, शिवाय विजेवर आवाज वाढविता येणारी अशी हवी असली, तर दुकानदाराचा शब्द हाच प्रमाण मानावा लागतो. मध्यम मिळकतीच्या घराला पंधरा-वीस हजार रुपये ही थोडकी रक्कम नव्हे. ती कोठे खर्चावी आणि कोठे खर्चू नये, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न अहिल्यानगरात, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला अहमदनगर म्हणत त्या शहरात, विशेष जिव्हाळ्याचा आहे. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य येथे १८३१ साली सुरू झाले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती उपासनेला मराठी भजनाचे व कीर्तनाचे वळण लावले. नगर आणि राहुरी ही त्यांच्या संसाराची आणि कार्याची ठिकाणे होत. त्यांची गीते पेटी, तबला आणि झांज यांच्या साथीवर आजही मंडळ्यांतून म्हटली जातात. नभोवाणीने १९४० साली पेटीला आपले दार बंद केले, तरी प्रार्थनामंदिरातील तिचे आसन ढळले नाही. त्याच साथीत आता तरुण मंडळी गिटार घेऊन बसतात. महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि शाळांचे समारंभ येथेही तेच दृश्य दिसते.

अडचण येते ती येथेच. नायलॉनच्या तारेचा नाद गोड, गोल आणि मवाळ असतो. एकट्या गायकाला त्याची साथ फार शोभते. परंतु पेटीचा भाता हलू लागला आणि ढोलकीवर थाप पडली, की गिटार वाजविणाराची बोटे तेवढी दिसतात, ऐकू काहीच येत नाही. मग तो तारा अधिक जोराने ओढू लागतो. नाद कर्कश होतो, हात आखडतो आणि ज्या मार्दवासाठी हे वाद्य निवडले तेच नाहीसे होते. विजेची जोड हवी ती ह्यासाठी. भपका हा तिचा हेतू नव्हे. मंद स्वराला समुदायात आपली जागा मिळावी, एवढेच तिचे प्रयोजन.

ही जोड कशी चालते हे थोडक्यात समजून घेतले पाहिजे. पोलादी तारांच्या विद्युत्-गिटारीत तारांखाली लोहचुंबक बसविलेले असते व तारेच्या कंपनाने त्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. नायलॉनवर लोहचुंबकाची मात्रा चालत नाही. म्हणून येथे दुसऱ्या तत्त्वाचा आश्रय घेतात. काही स्फटिकांवर दाब पडला असता त्यांत वीज उत्पन्न होते, हा शोध प्येर व झाक क्युरी ह्या बंधूंनी १८८० साली लावला. त्याच तत्त्वावर चालणारी पीझो नावाची बारीक पट्टी घोडीवरील हाडाच्या पट्टीखाली बसवितात. तारांचे कंपन तिच्यावर दाबाच्या रूपाने उमटते आणि पेटीच्या कुशीत बसविलेले, ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र तो क्षीण प्रवाह सबळ करून बाहेर पाठविते.

आता खर्चाची वाटणी. ह्या बाबतीत स्पेनचे विख्यात कारागीर आंतोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) यांनी केलेला प्रयोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आजच्या अभिजात गिटारीचा आकार व रचना मुख्यतः त्यांनी ठरविली. १८६२ साली त्यांनी एक गिटार अशी केली, की तिची पाठ आणि कडा कागदाच्या लगद्याच्या होत्या. केवळ पुढची तबली तेवढी उत्तम लाकडाची. ती गिटार बार्सेलोनाच्या संगीतसंग्रहालयात आहे. नादाचा उगम तबलीत असतो, पाठीच्या नक्षीदार लाकडात नव्हे, हेच त्यांना दाखवावयाचे होते. तेव्हा पैसे मोजावयाचे ते तबलीसाठी व दांडीच्या सरळपणासाठी. पाठीवरील चकाकी, कडेची शिंपल्याची नक्षी आणि यंत्रावरील दहा खटके ह्यांसाठी नव्हे.

तबली दोन प्रकारची असते. एक स्प्रूस किंवा सीडर लाकडाच्या अखंड फळीची. दुसरी पातळ थर एकावर एक चिकटवून केलेली. अखंड फळीचा नाद अधिक मोकळा असतो आणि वाजवून वाजवून तो खुलत जातो, ह्यात संशय नाही. परंतु नगरचे हवामान येथे आडवे येते. अकोले तालुक्यात सह्याद्रीलगत पाऊस कोसळतो; पण नगर, पाथर्डी, कर्जत, जामखेड हा मुलूख पर्जन्यछायेचा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांवर चढतो आणि हवा अगदी कोरडी होते. अशा हवेत अखंड फळी आतील ओल गमावून आकसते आणि तिला चीर जाते. पुढे श्रावणात तीच फळी ओल पिऊन फुगते व तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. थरांची तबली नादात थोडी मुकी असली तरी हे सारे निमूटपणे सोसते. ज्या घरी वाद्य बंद पेटीत ठेवण्याची आणि उन्हाळ्यात त्या पेटीत भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओलसर स्पंज ठेवण्याची शिस्त पाळली जाईल, त्या घराने अखंड तबली खुशाल घ्यावी. जेथे गिटार भिंतीच्या खुंटीवर टांगली जाणार, तेथे थरांचीच बरी.

हाताचा विचारही तितकाच महत्त्वाचा. अभिजात गिटारीची दांडी माथ्याजवळ ५२ मिलिमीटर रुंद असते, तर पोलादी तारांच्या गिटारीची सुमारे ४३. रुंद दांडीवर बोटांना जागा मिळते, म्हणून एकेक तार छेडून वाजविणाऱ्यास ती सोयीची; पण ज्याचा हात लहान आहे किंवा जो आधी पोलादी तारांवर शिकला आहे, त्याला ती जड जाते. अशांसाठी ४८ मिलिमीटरच्या आसपास रुंदीच्या दांड्याही मिळतात. दहा-अकरा वर्षांच्या मुलासाठी पूर्ण मापाची गिटार ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून घेणे ही काटकसर नव्हे; मापाने लहान गिटारच त्याला शिकविते.

दुकानात परीक्षा करताना प्रथम वायर हातातही घेऊ नये. गिटार डोळ्यांसमोर धरून माथ्याकडून दांडीवरून नजर टाकावी. दांडी मुरडलेली असल्यास तेथेच कळते. बाराव्या पडद्याशी तार आणि पडदा यांतील अंतर पाहावे. बारीक तारेखाली सुमारे ३ व जाड तारेखाली सुमारे ४ मिलिमीटर हे साधारण योग्य माप. मग प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून पाहावी. तंबोऱ्याला जवारी हे भूषण. गिटारीत तशी झणझण हा दोष समजावा. बाराव्या पडद्यावर तार हलकेच स्पर्शून निघणारा स्वर आणि तीच दाबून निघणारा स्वर जुळले पाहिजेत. ते न जुळल्यास ती गिटार कधीच सुरात लागणार नाही. घोडी तबलीला जेथे चिकटविली आहे तेथे कागदाचे टोक आत शिरत नाही ना, हेही पाहावे.

ह्या परीक्षेत उतरलेलीच गिटार विजेला जोडावी. सहाही तारा सारख्या जोराने छेडल्या असता सारख्याच ऐकू आल्या पाहिजेत. एखादी तार दबलेली वाटली तर घोडीतील पट्टी नीट बसलेली नाही असे समजावे. वायरीचे टोक हलविल्यावर खरखर होता कामा नये. आवाज हळूहळू वाढवीत जावे आणि कोणत्या बिंदूला शिट्टी वाजू लागते ते पाहावे. कर्ण्यातून आलेला नाद तबलीला पुन्हा हलवितो व तोच पुन्हा कर्ण्यात जातो, त्यातून ती शिट्टी उपजते. पातळ पेटीच्या गिटारीत हा उपद्रव कमी असतो. परंतु घरी विजेवाचून वाजविताना तिचा आवाज तितकाच पातळ लागतो. प्रत्यक्ष सभागृहात कर्णा वादकाच्या पुढे ठेवला आणि खालच्या स्वरांचा खटका थोडा उतरविला, तर शिट्टीचा त्रास बराचसा मिटतो.

विजेच्या जोडणीची किंमत किती, हे पारखण्याची एक सोपी युक्ती आहे. काही कंपन्या एकच गिटार दोन रूपांत विकतात. यामाहाची सी-४० ही साधी आणि सीएक्स-४० ही तीच विजेच्या जोडणीसह. दोन्हींच्या किमतींतील फरक म्हणजे जोडणीचे मोल. मुंबईच्या धोबीतलावच्या परिसरातील फुर्टाडोसारख्या, १८६५ पासूनच्या जुन्या पेढीत किंवा पुण्याच्या दुकानांत दोन्ही शेजारी ठेवून वाजवून पाहता येतात. नगराहून पुणे सुमारे १२० किलोमीटर. वाद्य न ऐकता घेण्यापेक्षा तेवढा प्रवास स्वस्त पडतो.

ह्या फरकाची रक्कम द्यावी की न द्यावी, ह्याचे उत्तर गिटारीत नसून ती कोठे वाजणार ह्यात आहे. शिकाऊ मुलगा पहिली दोन-तीन वर्षे घरातच बसणार असेल, तर साधी गिटार घ्यावी व वाचलेला पैसा चांगल्या तबलीकडे वळवावा. वर्षाकाठी एखाद्या संमेलनाचा प्रसंग आला तर वाद्यासमोर एक माइक ठेवल्याने काम भागते. तबलीला बाहेरून चिकटविण्याची पीझोची टिकलीही थोडक्या किमतीत मिळते. उलट दर रविवारी पेटी-ढोलकीच्या शेजारी बसावयाचे असेल, तर जोडणी आतच बसविलेली, थरांच्या तबलीची, साधीसुधी गिटारच घ्यावी. तेथे नादाच्या अखेरच्या बारकाव्यापेक्षा दर आठवड्याला न चुकता ऐकू येणे अधिक मोलाचे.

घरी आणल्यावर दोनतीन पथ्ये पाळावीत. नायलॉनच्या तारा नव्या असताना ताणत राहतात. पहिले काही दिवस सूर वारंवार उतरला म्हणून वाद्याला दोष देऊ नये. जाड तारांवर धातूचे वेष्टन दिसते, म्हणून त्या पोलादी समजून बाजारातून पोलादी संच आणून चढवू नये. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण सुमारे ४० किलो, पोलादी तारांचा ७० किलोंच्या आसपास. तो भार ही तबली सोसत नाही आणि घोडी उखडून येते. वाजविणे संपताच वायर काढून ठेवावी, कारण ती जोडलेली असेतो बॅटरी झिजत राहते. मे महिन्यात बंद मोटारीत गिटार ठेवून बाजारहाट करू नये. एवढे सांभाळले, तर बेताच्या किमतीची गिटारही पुष्कळ वर्षे साथ देते, आणि तिचा मवाळ स्वर पेटीच्या आणि ढोलकीच्या शेजारीही शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो.