गाडीचा तोल : घरबसल्या शिकण्याचे एक शास्त्र



अलिबाग परिसरातली मिनीडोर आपणां सर्वांच्या ओळखीची आहे. पुढे एक चाक, मागे दोन. गाडीवाला जाणता असला म्हणजे वळणाच्या अलीकडेच वेग कमी करतो. ऐन वळणात ब्रेक दाबीत नाही. असे का, म्हणून विचारले तर तो म्हणेल, "हाताला कळतं." त्याचे म्हणणे खरेच आहे. परंतु हाताला जे कळते त्यामागे शास्त्र आहे. त्याला वाहनगतिशास्त्र म्हणतात. आज ते गावात बसूनही शिकता येते.

आधी त्यातली दोन-तीन तत्त्वे पाहू. चारचाकीचा पाया चौकोनी, तीनचाकीचा त्रिकोणी. आणि त्या त्रिकोणाचे टोक पुढे. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढच्या बाजूला येतो, म्हणजे पाया अरुंद आहे तिकडेच. त्याच वेळी वळणामुळे तो बाहेरच्या अंगाला रेटला जातो. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की गाडी कलंडायला वेळ लागत नाही.

त्यातून ओझे टपावर चढवले तर? गुरुत्वमध्य वर जातो. हिशेब असा आहे : चाकांमधले अंतर तेच ठेवून गुरुत्वमध्याची उंची दुप्पट केली, तर जी गाडी एखाद्या वळणावर ताशी ४० किलोमीटरला उलटली असती, ती २८ लाच उलटेल. म्हणून जड ओझे खाली आणि हलके वर, हा नियम बैलगाडीपासून ट्रकपर्यंत सर्वांना सारखाच.

दुसरे तत्त्व टायरच्या पकडीचे. मोटारीचा एकेक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेत टेकलेला असतो. तेवढ्याच पकडीवर थांबायचे आणि वळायचेही. बाजाराला नेलेल्या पैशांसारखीच ही गोष्ट : सगळे ब्रेकवर खर्चले तर वळणासाठी काही उरत नाही. कार्ले खिंडीत पावसाळ्यात रस्ता निसरडा झाला म्हणजे मुळात पैसेच कमी असतात, हे ध्यानात ठेवावे.

तिसरे तत्त्व वेगाचे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. घर्षणांक ०.७ धरला, तर ताशी ३० ला ते सुमारे ५ मीटर भरते आणि ६० ला सुमारे २०. ओल्या रस्त्यावर घर्षण निम्मे झाले, तर त्या २० चे ४० होतात. चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी जे अंतर कापते, ते यात धरलेलेच नाही. ६० च्या वेगाने एका सेकंदात गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते.

आता शिकायचे कोठे? देशातल्या आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली 'एनपीटीईएल' हा उपक्रम सुरू केला. त्यात मद्रास आयआयटीचे प्रा. आर. कृष्णकुमार यांची वाहनगतिशास्त्रावरील व्याख्याने आहेत. व्याख्याने ऐकायला पैसे पडत नाहीत. २०१७ पासून केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे व्यासपीठही आहे. तेथे अभ्यासक्रमाला नाव घालून, फी भरून, नेमलेल्या केंद्रावर परीक्षा दिली तर प्रमाणपत्र मिळते. लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात शिकणाऱ्या मुलालाही याचा उपयोग आहे, आणि पदविका घेऊन मुरूड-श्रीवर्धनकडे गॅरेजात काम करणाऱ्यालाही.

पण दोन अडचणी आहेत. व्याख्याने इंग्रजीत आहेत आणि त्यांना गणित लागते. दुसरे असे की, पडद्यावर सूत्र समजते, पण स्टिअरिंग हलके पडल्याची जाणीव बोटांना होत नाही. ती गाडीजवळच शिकावी लागते. गॅरेजातल्या उस्तादाला सोडून हे शिक्षण पुरे व्हायचे नाही. त्याच्या अनुभवाला आकड्यांची जोड मिळते, एवढेच.

पहिली अडचण मात्र आपल्या शाळामास्तरांना पुष्कळशी दूर करता येईल. गुरुत्वमध्य, घर्षण आणि जडत्व हे शालेय विज्ञानातलेच विषय. एक फळी घ्या, तीवर वीट आडवी ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. वीट घसरेल. आता तीच वीट उभी ठेवून उचला. बहुधा घसरण्यापूर्वीच ती कोलमडेल. वीट तीच, वजन तेच, उंची वाढली आणि पाया अरुंद झाला. हे मुलांना डोळ्यांनी पाहू द्या आणि मग मिनीडोरच्या टपाविषयी विचारा. उत्तर मुलेच देतील. त्यांतल्या एखाद्याला पुढे ती व्याख्याने ऐकताना विषय परका वाटणार नाही.

आणि जी मुले इंजिनिअर होणार नाहीत, तीही उद्या गाडी चालवतील, निदान गाडीत बसतील तरी. टपावर आणखी एक पोते चढू लागले की "दादा, ते खाली ठेवा" एवढे त्यांनी म्हटले, तरी त्या दिवशीचा धडा कामी आला म्हणायचा.