जनित्रात किती गेले, किती आले



विज्ञान प्रदर्शनात हमखास दिसणारा एक प्रयोग आहे. फळीवर मोटर, तिला पट्ट्याने जोडलेले जड लोखंडी चाक, चाकाला जोडलेले जनित्र आणि जनित्रावर पेटलेले दिवे. मागे तक्ता असतो : ‘कमी विजेत जास्त वीज’. मॅग्नेट बसवण्यापासून तांब्याची तार गुंडाळण्यापर्यंत सारे काम मुलांनी केलेले असते आणि बहुधा ते चांगलेच असते. म्हणूनच तक्त्यावरचा दावा गांभीर्याने तपासायला हवा.

हा दावा बहुतेक वेळा कुठून येतो ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, पण छोट्या सिंगल फेज मोटरला शोभतील असेच आहेत. जनित्रावर काहीच जोडलेले नाही, तेव्हा मोटर २३० व्होल्टवर ३ अँपिअर घेते. २०० वॅटचे दिवे पेटवले की प्रवाह होतो ३.४ अँपिअर. मुले वजाबाकी करतात : प्रवाह वाढला अवघा ०.४, त्याला २३० ने गुणले की ९२ वॅट. ९२ दिले, २०० मिळाले. दुपटीहून जास्त!

गुणाकार बरोबर आहे, पण ९२ हे वॅट नव्हेत. रिकामी फिरणारी मोटर जो प्रवाह ओढते, त्यातला मोठा भाग चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी येतो आणि प्रत्येक आवर्तनात परत जातो. त्या वेळी पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअरच्या गुणाकारातला खऱ्या शक्तीचा वाटा, ०.२ च्या आसपास असतो, म्हणून खरी शक्ती ६९० नव्हे, सुमारे १३८ वॅट. भार आला की प्रवाह थोडाच वाढतो, पण पॉवर फॅक्टर झपाट्याने सुधारतो. तो ०.५५ झाला असे धरा. आता शक्ती ४३० वॅट. म्हणजे दिव्यांसाठी मोटरने जादा घेतले ते २९२ वॅट, आणि एकूण हिशेबात ४३० देऊन २०० मिळाले. कार्यक्षमता ४७ टक्क्यांच्या आतच. घरी केलेल्या यंत्राला हे मुळीच वाईट नाही.

हे पडताळायला महागडे उपकरण लागत नाही. आपल्या वीजमीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असे काहीतरी छापलेले असते. आकडा मीटरगणिक बदलतो, तो वाचून घ्यावा. ३२०० लुकलुकी म्हणजे एक युनिट, तेव्हा एका लुकलुकीला ११२५ ज्यूल. घरातले बाकी सारे बंद करा आणि घड्याळ लावा. रिकामी मोटर साधारण आठ सेकंदांत एक लुकलुक देईल, दिवे पेटल्यावर अडीच सेकंदांच्या जरा वर. हा मीटर पॉवर फॅक्टर धरूनच मोजतो.

फिरते जड चाक हा दुसरा चकवा. २० किलोची, २० सेंटिमीटर त्रिज्येची भरीव चकती मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर तिच्यात सुमारे ४९०० ज्यूल साठलेले असतात. मोटर बंद केल्यावरही १०० वॅटचा दिवा त्यावर फार तर पाऊण मिनिट जळू शकतो. पाहणाऱ्याला हे नवल वाटते. पण ते ज्यूल आधी मोटरनेच भरलेले होते. वाचन घ्यायचे ते वेग स्थिर झाल्यावर, आणि मोजणीच्या सुरुवातीचा व शेवटचा वेग एकच हवा.

मिळणाऱ्या बाजूलाही एक खोड आहे. काहीच न जोडता व्होल्टेज मोजायचे, मग टोके एकमेकांना जोडून प्रवाह मोजायचा आणि दोन्हींचा गुणाकार तक्त्यावर लिहायचा. १२ व्होल्ट आणि २ अँपिअर, म्हणून २४ वॅट. साध्या डीसी जनित्रातून फार तर त्याच्या चौथाईइतके, म्हणजे ६ वॅट बाहेर काढता येतात. दोन्ही वाचने दिवा पेटलेला असताना, एकाच वेळी घ्यायला हवीत.

इथे जेम्स ज्यूलचे नाव घ्यायलाच हवे. मँचेस्टरजवळच्या सॅलफर्डचा हा तरुण, घरचा धंदा बिअर गाळण्याचा, आणि संशोधन बरेचसे घरच्याच प्रयोगशाळेत. विजेची मोटर वाफेच्या इंजिनाची जागा घेईल अशी त्याला मोठी उमेद होती. मग त्याने मोजले. १८४१ मध्ये त्याने जाहीर केले की बॅटरीत जळणारे एक पौंड जस्त जेवढे काम करते, त्याच्या चौपटीहून अधिक काम उत्तम इंजिनात एक पौंड कोळसा करतो. आकडा त्याच्या इच्छेविरुद्ध गेला, तरी त्याने मोजणे सोडले नाही. १८४३ मध्ये त्याने पाण्याने भरलेल्या नळीत तारेचे वेटोळे ठेवून ते चुंबकाच्या ध्रुवांमध्ये फिरवले. हे जनित्रच. फिरवणारी शक्ती खाली उतरणाऱ्या वजनांची, आणि वीज किती झाली ते पाण्याच्या तापण्यावरून. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला ८३८ फूट-पौंड काम, असे त्याचे उत्तर आले. आजचा आकडा ७७८ च्या आसपास आहे. त्या साधनांनिशी हे मोजमाप मला थोर वाटते.

ज्यूलचे वजन आजही सर्वांत भरवशाचे. हाताने फिरणाऱ्या छोट्या जनित्राच्या आसाला दोरी गुंडाळा, पाच किलोचे माप लटकवा. ते दोन मीटर खाली यायला २० सेकंद लागले, तर दिलेली शक्ती ४.९ वॅट. मॅग्नेट कितीही जोरदार असला तरी त्यात फरक पडत नाही. मोठ्या यंत्रासाठी मोटर बेअरिंगांवर मोकळी टांगा, तिच्या अंगाला २५ सेंटिमीटरची दांडी जोडा आणि दांडीचे टोक स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर टेकवा. काटा ४०० ग्रॅम दाखवत असेल आणि वेग मिनिटाला १५०० फेऱ्यांचा असेल, तर आसातून १५४ वॅट जात आहेत. त्या वेळी दिव्यांवर ९२ वॅट मिळाले, तर जनित्र आणि पट्टा मिळून साठ टक्के. मग उरलेले ६२ वॅट शोधायचे : किती पट्ट्यात, किती बेअरिंगमध्ये, किती गरम झालेल्या तारेत. मुलांचे खरे संशोधन इथे सुरू होते.

प्रदर्शनांना परीक्षक म्हणून जाणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे. सोबत एक स्टॉपवॉच आणि एक ताणकाटा न्या. ‘किती मिळाले’ हे विचारण्याआधी ‘किती दिले, आणि ते कसे मोजले’ हे विचारा. ज्या मुलीने ४७ टक्के असे प्रामाणिकपणे लिहिले असेल, पहिले बक्षीस तिला द्या.