गुंफलेली वर्तुळे

एखाद्या हौशी क्रीडासंघटनेला नवे बोधचिन्ह हवे असले, की चेंडू, मशाल किंवा धावणारा खेळाडू यांचीच चित्रे प्रथम पुढे येतात. परंतु चिन्हाने खेळ दाखवावयाचा, की खेळणाऱ्यांना जोडणारे नाते?

फ्रान्समधील हौशी खेळाडूंच्या महासंघाचे चिन्ह म्हणजे एकमेकांत गुंफलेली दोन वर्तुळे होती. एक निळे, दुसरे तांबडे. बॅरन पिएर द कुबेर्तां हे या महासंघाचे चिटणीस होते. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीला वीस वर्षे पूर्ण होत आली, तेव्हा १९१३ साली त्यांनी तिच्यासाठी पाच वर्तुळे गुंफली.

पाच वर्तुळे म्हणजे जगाचे पाच भूभाग. अमुक रंग अमुक खंडाचा, हा समज मागाहूनचा. निळा, पिवळा, काळा, हिरवा, तांबडा आणि पार्श्वभूमीचा पांढरा या सहा रंगांत तत्कालीन सर्व राष्ट्रध्वजांचे रंग यावेत, कोणीही बाहेर राहू नये, अशी ती योजना होती.

१९१४ च्या जूनमध्ये पॅरिसच्या अधिवेशनात हे चिन्ह मांडले गेले आणि थोड्याच आठवड्यांत महायुद्ध पेटले. १९१६ चे बर्लिनचे सामने झालेच नाहीत. ऑलिंपिक सामन्यांत हा ध्वज प्रथम फडकला तो १९२० साली, अँटवर्प येथे. आणि तेथे जर्मनी, ऑस्ट्रिया आदी पराभूत राष्ट्रांना निमंत्रणच नव्हते.

पुढे हौशीपणाची अट गळाली, वर्तुळे मात्र राहिली. चिन्ह एक माणूस रेखाटू शकतो. त्यातील वचन पाळण्याचे काम सबंध संघटनेचे असते.