उद्या सकाळचं विमान कोण नेणार?

गेल्या पावसाळ्यात माझं मुंबईचं विमान अहमदाबादला उतरवलं. मागच्या सीटवरचे काका वैतागून म्हणाले, "एवढ्याशा पावसाला काय घाबरायचं?" मीही मान डोलावली. आता त्याची लाज वाटते. का, ते सांगतो.

७ ऑगस्ट २०२०. वंदे भारत मोहिमेतलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान दुबईहून कोळिकोडला येत होतं. आत १९० माणसं. तिथली धावपट्टी डोंगरमाथ्यावर आहे, म्हणजे टेबलटॉप. टोकाला सरळ उतार. रात्र, मुसळधार पाऊस. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपरच बंद पडला आणि विमान पुन्हा वर घेतलं. इथपर्यंत सगळं बरोबर. दुसऱ्या विमानतळावर जाण्याइतकं इंधनही होतं.

पण ते गेले नाहीत. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून उतरायला आले, तेही मागून वारा असताना. चाकं टेकली तेव्हा जवळजवळ निम्मी धावपट्टी मागे गेली होती. विमान खाली कोसळलं. दोन्ही वैमानिकांसह २१ जण गेले.

कॅप्टन दीपक साठे आपल्याकडचे, मराठी. हवाई दलात तयार झालेले, कसलेले वैमानिक. मग असा माणूस असं का करतो?

चौकशी अहवालाने नियम मोडून उतरण्यालाच संभाव्य कारण मानलंय, त्यात पळवाट नाही. पण त्याच अहवालात एक आकडा आहे, तो वाचून मी थांबलोच. कोळिकोडला नेमणुकीवर फर्स्ट ऑफिसर होते २६ आणि कॅप्टन फक्त १! दुसऱ्या दिवशी सकाळचं दोहाचं विमान साठेंनाच न्यायचं होतं. रात्री दुसरीकडे उतरले असते तर ड्यूटीचे तास वाढले असते, सक्तीची विश्रांती पुरी झाली नसती, आणि सकाळचं विमान अडकलं असतं. अहवालाने कंपनीच्या त्या मनुष्यबळ धोरणाला चुकीचं म्हटलंय.

मला आधी वाटायचं, खर्चाचा दबाव म्हणजे साहेबाचा फोन. "इंधन वाचव, उतरव." अरे, फोन लागतच नाही! विमान वळवलं की जादा इंधन, तिकडचं पार्किंग, प्रवाशांची सोय आणि पुढच्या फेऱ्यांचा बट्ट्याबोळ. हे सगळं वैमानिकाला पाठ असतं. माणसं मोजकीच ठेवली की दबाव ड्यूटीच्या तक्त्यातच लिहिलेला असतो.

आणि एक गोष्ट. शेवटच्या क्षणी शेजारच्या फर्स्ट ऑफिसरने "गो अराउंड" म्हटलं होतं, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. तो आवाज रेकॉर्डरवर आहे. कॅप्टनने ऐकलं नाही, आणि त्यानेही कंट्रोल हातात घेतला नाही.

अहमदाबादला आम्ही चार तास बसलो होतो. चहासुद्धा मिळाला नाही, पण सगळे घरी पोचलो.