घरातली बॅटरी : घ्यायची की थांबायचं?



गडब-कासू भागात पावसाचा जोर वाढला, की दिवे जाणार हे ठरलेलंच. मग कुणीतरी सांगतं, "इन्व्हर्टर अन् बॅटरी बसवून टाका, बिलही कमी येईल." बिलाचं तेवढं खरं नाही. बॅटरीत एक युनिट भरलं, तर परत हाती येतं ते पाऊण युनिटाच्या आसपास. तेव्हा बिल थोडं वाढेलच. बॅटरी घ्यायची ती अंधारातल्या उजेडासाठी.

आधी गरज मोजा. पावसाळ्यातला एक महिना कॅलेंडरवर रोज लिहून ठेवा, वीज किती तास गेली, दिवसा की रात्री.

आता हिशेब. पाणी घालायच्या 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर 1.8 युनिट वीज मावते. पण दरवेळी तळापर्यंत उपसली तर ती लवकर मरते. म्हणून एकच युनिट धरा. दोन पंखे आणि तीन एलईडी दिवे मिळून साधारण 180 वॅट, म्हणजे साडेपाच तास. फ्रिज, पाण्याचा पंप यांचं नाव काढू नये. सगळा संच समजा 20,000 रुपयांना पडला आणि पाच वर्षं चालला, तर महिन्याला 330 रुपये झाले. महिन्यात चार-पाच तासच वीज जात असेल, तर चार्जिंगचा एक दिवा पुरे. रात्र रात्र जात असेल, घरात आजारी माणूस असेल, तर हे पैसे जड नाहीत.

3 जून 2020 चं निसर्ग वादळ आठवा. खांब पडले, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी बॅटरी एक रात्र काढते. पुढे ती रिकामीच पडून राहिली, तर खराब होते ते वेगळंच.

छतावर सोलर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. 2024 साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान ठेवलं, पण बिनबॅटरीची ही जोडणी लाइन गेली की आपणही बंद पडते. खांबावर चढलेल्या वायरमनला झटका बसू नये, म्हणून तशी रचना असते.

घेतलीच, तर हवेशीर जागी, चुलीपासून लांब ठेवा. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. पाणी डिस्टिल्डच घालावे, विहिरीचं नको. आपली हवा खाडीची, खारी. टर्मिनल पुसून व्हॅसलीन लावत जा. जुनी बॅटरी फेकू नका. तिच्यातल्या शिशाला भाव आहे, नवी घेताना दुकानदाराकडून तेवढे पैसे वजा करून घ्या.