वाळूतलं चुंबक

राळेगणसिद्धीच्या नालाबांधाशी साचलेल्या वाळूत लोहचुंबक फिरवून पाहा. काळे कण दाढीसारखे चिकटतात. काळ्या पाषाणातून झिजून आलेलं हे मॅग्नेटाइट. त्यातले अणू कसे रचलेत ते क्ष-किरण दाखवतात. पण प्रत्येक लोहअणूच्या चुंबकाचं तोंड कुठे? ते क्ष-किरणांना जेमतेमच कळतं. न्यूट्रॉनला मात्र नेमकं कळतं; त्याच्यावर विद्युतभार नाही, पण तो स्वतःच इवलंसं चुंबक आहे ना! त्याच्या विखुरण्यातूनच दिसलं, की मॅग्नेटाइटमधल्या काही अणूंची तोंडं चक्क उलटी असतात. वजाबाकी होऊन उरतं तेवढंच चुंबकत्व आपल्या हाताला जाणवतं. अशा प्रयोगांसाठी न्यूट्रॉन पुरवते मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातली, १९८५ साली सुरू झालेली ‘ध्रुव’ अणुभट्टी. न्यूट्रॉन विखुरण्याच्या या तंत्राचे एक जनक क्लिफर्ड शल यांना नोबेल मिळालं ते थेट १९९४ मध्ये. तोवर त्यांच्या प्रयोगांना चाळीसहून अधिक वर्षं उलटली होती.